एकच पातेलं, सहा आठवडे आणि न शिजलेला मसूर : माझा अनुभव

मला स्वयंपाकाचा कंटाळा कधीच नव्हता, कंटाळा आहे तो नंतर सिंकमध्ये साठणाऱ्या भांड्यांचा. त्यात पानगळ सुरू झाली की संध्याकाळ लवकर पडते, कामावरून घरी येईस्तोवर अंधार, मग कुठली भाजी चिरा आणि कुठलं काय, सरळ बाहेरून मागवायचं नाहीतर ब्रेड-बटरवर भागवायचं असं दोन वर्षं चाललं होतं. गेल्या पानगळीत मात्र सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडायला लागली, बाटलीचं झाकण फिरवता येईना. डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासलं तर सीआरपी (अंगात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) थोडा वाढलेला. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा, खाण्याकडेही बघा, पण खाणं सुधारलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही." हे वाक्य मी मुद्दाम आधीच लिहून ठेवतेय, कारण अँटी-इन्फ्लमेटरी, म्हणजे अंगातली सूज कमी करणारं खाणं म्हटलं की लोकांना वाटतं दोन वाट्या सूप प्यायलं की झालं.

तर मी ठरवलं की सहा आठवडे, आठवड्यातले निदान चार दिवस, रात्रीचं जेवण एकाच पातेल्यात करायचं आणि त्यात सूज कमी करायला मदत करणारे म्हणतात ते सगळे जिन्नस घालायचे. सुरुवात अर्थातच हळदीपासून, आणि इतकी हळद की पहिल्याच आठवड्यात लेक म्हणाली, "आई, आज पण पिवळंच?" लाकडी उलथणं पिवळं, डबा पिवळा, माझी नखं पिवळी. मग जरा वाचलं तेव्हा कळलं की हळदीत करक्यूमिन, म्हणजे तिचा पिवळा आणि गुणकारी म्हणतात तो घटक, असतो साधारण 3 टक्के, म्हणजे एका चहाच्या चमचाभर हळदीत जेमतेम 100 मिलीग्रॅम. काळी मिरी घातली की करक्यूमिन अंगात खूप जास्त शोषलं जातं हे जे सगळीकडे सांगतात ना, ते 1998 च्या एका अभ्यासातून आलंय, त्यात 2 ग्रॅम करक्यूमिनबरोबर 20 मिलीग्रॅम पायपरीन (मिरीतला तिखट घटक) दिलं होतं आणि शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं होतं. आकडा जबरदस्त आहे, पण 2 ग्रॅम करक्यूमिन म्हणजे वीसएक चमचे हळद! कोण खाणार? तेव्हापासून मी अर्धा चमचा हळद घालते, तेलात परतते कारण करक्यूमिन पाण्यापेक्षा तेलात विरघळतं, वर मिरी कुटून टाकते आणि हळदीकडून फार अपेक्षा ठेवत नाही.

खरा भार उचलतात ती डाळी-कडधान्यं आणि भाज्या, कारण त्या चिमटीने नाही, वाटीने पोटात जातात. एक कप शिजलेल्या मसुरात 15 ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. ते आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जीवाणू ते खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि सूज आटोक्यात ठेवायला हातभार लावतात. हे समजल्यावर माझं सगळं लक्ष मसुराकडे गेलं, आणि तिथेच पहिली माती खाल्ली.

झालं असं की एका भांड्यात करायचं म्हणजे सगळं एकदम टाकायचं असा माझा समज. अख्खा मसूर, चिरलेले टोमॅटो, भोपळ्याच्या फोडी, लिंबाचा रस, पालक, सगळं पातेल्यात, वर पाणी, झाकण, आणि मी गेले अंघोळीला. पाऊण तासाने बघते तर भोपळ्याचा पार लगदा, पालक शेवाळासारखा काळपट हिरवा, आणि मसूर? दाताखाली कटकट वाजतोय! अजून पाणी घातलं, अजून पाऊण तास ठेवलं, तरी तेच. नवरा बिचारा खात होता निमूट, शेवटी म्हणाला, "अगं, हे शिजवायचं राहिलंय का असंच असतं?" कारण नंतर सापडलं. आंबट पदार्थ लवकर घातला की कडधान्याच्या सालातलं आणि पेशींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, विरघळत नाही, दाणा कडकच राहतो. म्हणजे टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर जे काय असेल ते दाणा बोटाने दाबून चिरडला जातोय हे बघितल्यावरच. मीठ मात्र आधी घातलं तरी चालतं, उलट भिजवतानाच्या पाण्यात घातलं तर साल मऊ पडायला मदतच होते, मी इतकी वर्षं उलटंच समजत होते.

दुसऱ्या आठवड्यात बूड करपलं. भोपळा आणि लाल मसुराची डाळ दोन्ही घट्ट होत जातात, खाली बसतात, आणि आपण मोबाइल बघत बसलो की संपलं. वास आला तेव्हा धावले आणि घाबरून पळीने जोरात ढवळलं, तेच चुकलं, खालचं काळं सगळं वर आलं आणि अख्खं पातेलं कडू. लागलंय असा वास आला तर ढवळायचंच नाही, आच बंद करून वरवरचं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं. (हो, मग ती दोन भांडी होतात, माहितीये.)

तिसऱ्या आठवड्यापासून जमायला लागलं. घरी आले की पर्स ठेवायच्या आधी पहिलं काम लसूण ठेचायचा, सहा-सात पाकळ्या, आणि तसाच पाटावर दहा मिनिटं सोडायचा. लसूण ठेचला की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणाचा उग्र वासाचा गुणकारी घटक, तयार होतं, पण लगेच गरम तेलात टाकला तर ते एन्झाइमच मरतं. तेवढ्या वेळात कपडे बदलून कांदा चिरून होतो. मग जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, कांदा चांगला लालसर होईपर्यंत, इथे घाई केली तर शेवटपर्यंत चव लागत नाही, मग किसलेलं आलं, लसूण, अर्धा चमचा हळद, मिरी. वासाचा एकदम भपकारा येतो आणि लेक खोलीतून ओरडते, "काय करतेयस?" मग एक वाटी अख्खा मसूर, चार वाट्या गरम पाणी, मीठ, उकळी आली की आच मंद आणि झाकण अर्धवट. वीस मिनिटांनी रताळं किंवा लाल भोपळा, फोडी साधारण इंचभर, लहान केल्या तर विरघळतात. अजून पंधरा मिनिटं. आता दाणा दाबून बघायचा, चिरडला की टोमॅटो, आणि टोमॅटो तेलासोबत शिजला की त्यातलं लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारा घटक) कच्च्यापेक्षा चांगलं अंगी लागतं म्हणून त्याला सात-आठ मिनिटं द्यायची. आच बंद केल्यावर मूठ-दोन मुठी पालक, तो नुसत्या वाफेवर बसतो, रंग हिरवागार राहतो. लिंबू ताटात.

वरून कच्चं ऑलिव्ह ऑइल घालते, एक्स्ट्रा व्हर्जिन. चांगलं असेल तर ते घशात मागच्या बाजूला चरचरतं, ठसकाच लागतो कधीकधी. मला आधी वाटलं तेल खराब आहे! ती चरचर ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाची असते आणि 2005 साली संशोधकांच्या लक्षात आलं की ते आयब्युप्रोफेन या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधासारखंच काम करतं. अर्थात चमचाभर तेल म्हणजे गोळी नव्हे.

याच क्रमाने बाकीचे प्रकार आपोआप सुटतात. मसुराऐवजी जव घेतले तर आधीची वीस मिनिटं पस्तीस करायची. मासे खाणाऱ्यांनी सॅल्मन किंवा बांगड्यासारखा तेलकट मासा शेवटची सात-आठ मिनिटं वर ठेवून झाकण लावायचं, ढवळायचं नाही, तुकडे पडतात. ओमेगा-3 या चांगल्या चरबीसाठी जवस आणि अक्रोडही चालतात, पण त्यातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं थोडंच माशातल्यासारखं करून घेतं. जवसाची पूड मी ताटातच घालते, पातेल्यात घातली की चिकट बुळबुळीत होतं सगळं, एकदा केलंय, पुन्हा नाही.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच आच मंद. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते उकळीनेच मरतं, आणि स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट टाकला तर तापमान तेवढं चढतच नाही, पोटाची वाट लागते, उलट्या होतात. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. विकतचा डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याची काळजी नाही.

उरलेलं मोठ्या पातेल्यातच झाकून ठेवायची माझी सवय होती, ती मोडली. इतकं घट्ट जेवण मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, म्हणून उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी खरं तर जास्त चांगलं लागतं, फक्त रात्रीतून पाणी पिऊन दगड झालेलं असतं, गरम करताना कपभर पाणी घालावं लागतं.

बोटांचं विचाराल तर सहा आठवड्यांनी सकाळचा आखडलेपणा कमी वाटला. गोळ्या चालू होत्या, बाहेरचं तळकट बंद झालं होतं, रात्री आठच्या आत जेवण होत होतं म्हणून झोपही लागत होती, आता यातलं श्रेय कुणाचं ते मला सांगता येणार नाही आणि मसुराला एकट्याला तर मी अजिबात देणार नाही. सीआरपी पुढच्या महिन्यात परत तपासायचाय. तोवर आजच्या मसुराला अजून पंधरा मिनिटं आहेत, आणि यावेळी मी पातेल्यापासून हललेली नाही.