ओढ कुठे गेली?

गेल्या जुलैत मुरबाडच्या पुढे एका शेताच्या वाटेवर माझी जिप्सी दोन्ही डिफरन्शियलवर, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांच्या मधल्या गोळ्यांवर बसली. चिखल असा, की दार उघडून पाय टाकला तर पाय वर आला आणि चप्पल खालीच राहिली. शेजारच्या शेतातल्या एका दादांनी ट्रॅक्टर आणला आणि घाईत दोर बांधला तो पुढच्या बंपरला. गाडी तिथेच राहिली, बंपर निघाला. अगदी पूर्ण नाही, पण डावीकडून सुटून लोंबायला लागला. मग दोर चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या हुकात अडकवला आणि पाच मिनिटांत गाडी बाहेर.

नेरूळला घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. लागलं का, उशीर का झाला, काही नाही. बंपरकडे बघून एवढंच विचारलं, "ओढ कुठे गेली?" म्हणजे, जोर कोणी घेतला, चासीने की बंपरने.

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. आता शहात्तरीत आहेत, गुडघे दुखतात, पण मापं घ्यायचा वर्निअर अजून उशाशी असतो म्हटलं तरी चालेल. मी विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं बॅटरीवरचं मशीन, बसवायचं म्हटल्यावर त्यांनी विंचबद्दल एक प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न त्याच्या खालच्या प्लेटबद्दल.

विंच मी आधीच ठरवला होता. साधा हिशेब असा, की भरल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ताकद हवी. माणसं-सामान धरून जिप्सी दीड टनाच्या आसपास जाते, म्हणजे कागदावर सव्वादोन-अडीच टनांचा पुरतो. मी ८,००० पौंडांचा घेतला, म्हणजे साधारण ३,६०० किलो. कारण पेटीवर छापलेला आकडा खरा असतो तो ड्रमवर दोराचा शेवटचा, एकच थर उरलेला असताना. वर जितके थर, तितकी ओढ कमी. शिवाय चिखल गाडीला धरून ठेवतो ते वेगळंच. पोलादी तार न घेता सिंथेटिक दोर घेतला. तुटला तर तारेसारखा चाबूक मारत नाही, आणि वजनाला हलका. जिप्सीच्या नाकावर जास्त वजन टाकलं की पुढचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसतात.

गार्डवाला भला मोठा तयार बंपर बाजारात मिळतो. पण २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हापासून तो नाद मी सोडलाय. त्यामुळे प्लेट मूळ बंपरच्या मागे, चासीच्या दोन टोकांच्या मधे लपवून बसवायची.

बाबांनी नव्या टीव्हीचं खोकं फाडून आधी पुठ्ठ्याची प्लेट केली. दोन दिवस तो पुठ्ठा गाडीत घालून काढून, कात्रीने कातरून चालू होतं. आईने विचारलं, शाळेचा प्रोजेक्ट आहे का. या आकाराच्या विंचला खाली चार भोकं लागतात, १० इंच बाय साडेचार. मी टेप लावून २५४ बाय ११५ मिमी लिहिलं. बाबांनी ११५ खोडून ११४.३ केलं. "मग कानस घासत कोण बसणार? तू?"

रबाळे एमआयडीसीत ६ मिमीची प्लेट लेझरवर कापून घेतली. पुढची कड काटकोनात वर दुमडली, म्हणजे दोर बाहेर पडायचं तोंड, फेअरलीड, तिथे बसेल आणि प्लेटही वाकणार नाही. दोन्ही बाजूंच्या आधारपट्ट्या तुर्भ्याला वेल्ड करून आणल्या. चासीवर मात्र वेल्डिंग नाही म्हणजे नाही.

खरं काम इथून पुढे. चासीची रेल म्हणजे आतून पोकळ पेटी. आरपार भोक पाडून नुसता बोल्ट आवळला तर पेटी चेपत जाते, बोल्ट कधीच नीट घट्ट होत नाही, आणि तुम्हाला वाटतं झालं. म्हणून भोक एका बाजूने मोठं करून आत जाड पाइपचा तुकडा घातला, बरोबर रेलच्या रुंदीएवढा. बोल्ट त्या पाइपातून जातो, आवळल्याचा जोर पाइप घेतो. बंपरची मूळ भोकं वापरली आणि प्रत्येक बाजूला असे दोन बोल्ट जादा, १२ मिमीचे, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले. आधी सेंटर पंच, मग ५ चं ड्रिल, मग ८, मग १२. घाई केली की बाबा मशीनचा प्लग काढायचे. बोलायचे नाहीत, प्लग काढायचे.

एक गोष्ट मला सुचलीच नसती. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल, म्हणजे पाटा चासीला जोडणारी झुलती कडी, पुढच्या टोकाला असते, आणि चाक वर-खाली झालं की ती झुलते. उभ्या गाडीत माझा डावा बोल्ट छान बसला होता. बाबांनी जॅक लावून एक चाक उचलायला लावलं, तर शॅकल नटाबाहेर आलेल्या बोल्टाच्या टोकापासून दोन बोटांवरून नखाएवढ्या अंतरावर आली. बोल्ट उलटा घातला, डोकं आत आणि नट बाहेर.

रेड ऑक्साइडचा हात, त्यावर काळा रंग. खाडीची हवा आहे, इथे उघडं लोखंड एका पावसात तांबूस होतं.

आता माझी चूक. विंच बसवला. त्याच्या पायातल्या खाचांमधे चौकोनी नट असतात, ते चार वेळा खाली पडले, शेवटी ग्रीसने चिकटवले. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं होतं. दोन्ही जाड केबल थेट बॅटरीपर्यंत नेल्या, कारण पूर्ण ओढीला ३०० अँपिअरच्या वर करंट जातो; मधे एक कटऑफ स्विच. बंपर लावला, फेअरलीड लावलं, फोटो काढला. मग दोर हाताने ओढून बाहेर काढायला गेले, तर ड्रम मोकळा सोडायचा क्लचचा खटका बंपरच्या मागे. बोटं पोचेनात. पुठ्ठ्याच्या प्लेटवर सगळं तपासलं होतं, खटका सोडून. बाबांना सांगायला मला अर्धा तास लागला. ते म्हणाले, "मला सकाळीच दिसलं होतं." मग बोलला का नाहीत, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बंपरला तळहाताएवढी खिडकी कापली. कापल्याच्या कडा अजून मनासारख्या झालेल्या नाहीत.

नवा दोर ड्रमवर सैल गुंडाळलेला येतो. तसाच ठेवला तर पहिल्याच जोराच्या ओढीला वरचा थर खालच्या थरात रुततो आणि अडकून बसतो. म्हणून रविवारी सकाळी सहाला मोकळ्या प्लॉटवर चुलतभावाच्या गाडीला दोर लावला. त्याची गाडी न्यूट्रलमधे, ब्रेक किंचित दाबलेला. शेवटचे दहा वेढे ड्रमवर ठेवून बाकी दोर बाहेर, वर जाड गोणपाट टाकलेलं, इंजिन चालू. थोडं थोडं करत दोर ताणात गुंडाळला.

निघण्याआधी बाबांनी माझी लाल नेलपॉलिश मागून घेतली होती. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून प्लेटवर एकेक रेघ, बोल्ट हलला तर रेघ तुटावी म्हणून. परत आल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली गेले, गुडघ्यांसकट. सगळ्या रेघा सरळ, डावीकडची एक तुटलेली. केसाएवढी.

मी म्हटलं, बाबा, ८० न्यूटन-मीटरला आवळलाय, टॉर्क रेंचने, तुमच्यासमोर.

"रंगावर आवळलायस. वॉशरखालचा रंग चेपला, की बोल्ट सैल. खोल आणि रंग खरवड."

"उद्या?"

त्यांनी गाडीखालूनच पाना मागितला.