मोठा सुरा परदेशी ट्रेकला नेण्याआधी

18 सेंमी पातं, 5 मिमी जाडी, म्यानासकट अर्धा किलो. महिनाभर पाठीवर वाहायचा सुरा आधी पुण्यातच तपासा. मनगटाएवढी, बिनगाठीची सुबाभळीची वाळकी फांदी उभी धरा, पातं वर टेकवा आणि दुसऱ्या लाकडानं ठोकून ती फोडा. दगड किंवा हातोडी नकोच. पात्याची पाठ चेपते. मग पिकला टोमॅटो कापा. सालीवरून घसरला, तर धार उजेडात बघा: बोथट झालेली जागा चमकते. धार लावताना कोन दोन्ही बाजूंना 20-20 अंश ठेवा. त्याहून बारीक धार भाजी सुरेख चिरते, पण ठोकताना वळते.

1095 या प्रतीसारखं कार्बन पोलाद गंजतं. ओलं पातं कातडी म्यानात ठेवलं की डाग पडलेच. पुसून तेलाचा हात द्या. खोबरेल मात्र थंडीत थिजतं, तिथे मिनरल ऑइल बरं.

विमानात सुरा फक्त चेक-इन सामानात, पातं नीट गुंडाळून. कायदाही बघा: ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय 3 इंचांपर्यंतचा, मिटणारा, लॉक नसलेला चाकूच सार्वजनिक जागी जवळ बाळगता येतो. सरपण फोडायचं नसेल, तर 10 सेंमी पातं पुरतं.