फुग्याचं वशिंड

पोळ्याच्या बाजारात उन्हं कलायला लागली की फुगेवाल्यापुढं पोरांचा घोळका जमतो. आजूबाजूला घुंगुरमाळा, गोंडे, बेगड, हिंगूळ, मोरक्या, कासरे यांचे ढीग लागलेले, आणि फुगेवाल्याच्या हातात मात्र फुग्याचं कुत्रं. पोरगं म्हणतं, "मामा, बैल करा की." मामा त्याच कुत्र्याचे कान जरा वर ओढतो, "हा घे बैल," म्हणतो आणि पोरगं खुशीत निघून जातं. कुणाचंच काही बिघडत नाही. पण ज्याला लांब फुगा पिळता येतो त्याला हे बघवत नाही.

कुत्रं, घोडा, जिराफ, ससा, सगळ्यांचा सांगाडा एकच. मान वाढवली की जिराफ, कान वाढवले की ससा. बैल त्यात बसत नाही, कारण त्याला वशिंड, म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, लागतं. शिंगं नसली तरी एक वेळ चालेल, मुंडा बैलही असतोच. वशिंड नसलं तर ती जर्सी झाली, आणि जर्सीचा पोळा कोण घालतं?

फुगा लागतो २६० नंबरचा. नंबरातच माप आहे, पूर्ण फुगला की २ इंच जाड आणि ६० इंच लांब. तोंडानं फुगवायच्या भानगडीत पडू नये, हातपंप घ्यावा. बैलाला ३० इंचांच्या आसपास हवा पुरते, बाकीचा फुगा शेपटाकडं मोकळा सोडायचा. शिकाऊ माणूस हौसेनं टोकापर्यंत हवा भरतो. मग प्रत्येक पिळाबरोबर हवा पुढं सरकते, तिला जायला जागा उरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या पिळालाच फटाका वाजतो. भरून झालं की चिमूटभर हवा सोडून मग गाठ मारावी, म्हणजे गाठीकडची बाजू नरम राहते.

गाठीकडून सुरुवात. २ इंचांचं तोंड. मग एकेक इंचाची दोन कांडी, ती कानांसाठी. कांडं चिमटीत धरून बाहेर ओढायचं आणि त्याची दोन्ही टोकं एकत्र आणून त्याच जागी तीन-चार वेळा फिरवायचं. मान दीडच इंच, लांबली की घोडा होतो. मग तीन-तीन इंचांचे पुढचे दोन पाय, एकमेकांना पिळून पक्के केलेले. सगळे पीळ एकाच दिशेनं द्यायचे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. एक उलटा दिला की आधीचा सुटतो, आणि तो कुठं सुटला ते शोधेपर्यंत अख्खा बैल परत लांब फुगा होऊन बसतो.

आता वशिंड. पुढचे पाय पक्के झाल्यावर लगेच इंचभर कांडं काढायचं, कानासारखंच ओढून पिळायचं आणि अंगठ्यानं वर, खांद्यावर बसवायचं. इंचाच्या वर गेलं तर ते तिसऱ्या कानासारखं लोंबतं. पाय पक्के करायच्या आधी काढलं तर मानेवर घसरतं. आणि धडाच्या मध्यावर आलं तर उंट झाला. माळेगावच्या जत्रेत तो शोभेल, पोळ्यात नाही. नीट बसलं की तो गोळा मान आणि धडाच्या सांध्यात घट्ट रुततो आणि बैल पुढं रेटा दिल्यासारखा दिसतो.

पुढं ४ इंच धड, तीन-तीन इंचांचे मागचे पाय, उरलेली शेपटी. तिच्या टोकाचं न फुगलेलं रबर गोंड्यासारखं लोंबतं, ते कापू नये. शिंगांना वेगळा काळा फुगा, १६० नंबरचा, म्हणजे इंचभर जाडीचा. त्यात सात-आठ इंचच हवा भरायची, दुसऱ्या टोकालाही गाठ मारायची आणि मधोमध पिळून कानांच्या मध्ये अडकवायचा. बाक आणायला शिंग वाकवून मुठीत दाबून धरावं, हाताच्या उबेनं रबर सैल होतं आणि बाक टिकतो.

रंगाला मराठवाड्यात वाण पडायचं कारण नाही. चॉकलेटी फुग्याचा लाल कंधारी जातीचा बैल होतो. भडक लाल घेऊ नये, तो फायरब्रिगेडचा बैल वाटतो. पांढऱ्यावर काळे ठिपके काढले की देवणी. मार्कर मात्र हलक्या हातानं, टोक रुतलं की संपलं.

बैल एकटा करत नाहीत. देव्हाऱ्यापुढं मातीचेही जोडीनंच मांडतात. जोडी सारखी व्हायला पंपाचे दट्टे मोजून भागत नाही. दोन्ही फुगे शेजारी धरून लांबी जुळवायची, मगच पिळायला घ्यायचं. काही हौशी लोक पिवळ्या फुग्याचं जू करून दोघांच्या मानेवर ठेवतात. आदल्या दिवशी खांदेमळणीला आवतण द्यायचं आणि सणाच्या दिवशी मानेवर जू ठेवायचं, हे फुग्याच्या बैलालाही बरं नाही.

सणाच्या दिवशी फुगे जास्त फुटतात त्याला कारणं आहेत. पुरणपोळीचं तूप आणि भज्यांचं तेल हाताला असतं, आणि तेलानं रबर फुगून कमजोर होतं. मोसंबी सोलणाऱ्याच्या शेजारीही बसू नये, सालीतून उडालेल्या तुषारानंही फुगा फाटतो. गर्द रंगाचे फुगे उन्हात लवकर तापतात. बाकी रबर उन्हाला लागलं की त्याची चकाकी जाऊन मखमलीसारखं निस्तेज होतं. ते अजून फुटलेलं नसतं, पण त्या वाटेला लागलेलं असतं. वेशीपर्यंत मिरवायचं असेल तर निघायच्या वेळी पिळावं. आतली पांढरी पूड बोटाला लागते ती पुसून टाकावी. मायकेल फॅरेडेनं १८२४ साली लंडनमध्ये रबराचा पहिला फुगा केला तेव्हा आतल्या बाजू चिकटू नयेत म्हणून पीठच लावलं होतं. तो हायड्रोजनच्या प्रयोगात गुंतलेला, बैलांचं त्याला काय!

आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच वेचावेत. लहान मूल ते तोंडात घालतं आणि पातळ रबर घशाला चिकटून श्वास अडतो. न फुगवलेले फुगेही त्याच्या हाती देऊ नयेत. वेशीत पडलेले तुकडे नैवेद्याबरोबर खऱ्या बैलाच्या पोटात जातात, आणि त्याला काय होतंय हे सांगता येत नाही.