गणपतीनंतरची हजेरी

कोकणातल्या कॉलेजात मुलांची गळती रोखण्याचं काम करताना माझा भरवसा दोनच याद्यांवर राहिला आहे: वर्गातली हजेरी आणि परीक्षेचे भरलेले फॉर्म. नाव कमी करायला ऑफिसात कुणी येत नाही. मुलगा यायचा थांबतो, एवढंच. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांची वही पाहून गळती मोजली, तर ती वर्षभराने कळते.

एफ.वाय.ची, म्हणजे पहिल्या वर्षाची, हजेरी काही ठरावीक आठवड्यांत नाव-नाव करून तपासावी लागते. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि हर्णै, मिरकरवाडा या मासेमारी बंदरांकडची काही मुलं बोटीवर जातात. गणपतीत आलेले काका-मामा परतताना मुलाला मुंबईच्या कामावर सोबत नेतात. शिमग्यानंतर आंब्याची काढणी, पेट्या भरणं सुरू होतं. 75 टक्के हजेरीचा नियम सत्र संपताना दाखवून उपयोग नसतो, तोवर मुलगा कामाला लागलेला असतो. म्हणून आठवडाभर दिसला नाही की फोन. ग्रुपवर मेसेज नको, फोनच. ‘का येत नाहीस?’ विचारलं की ‘बरं नव्हतं, सर’ एवढंच उत्तर मिळतं. ‘सकाळी कुठली गाडी मिळते?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

गाडीचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत आहे, पण मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच. बारावीला शून्य खर्चात शिकलेल्या मुलीचा प्रवासखर्च एफ.वाय.ला एकदम सुरू होतो, आणि घरात पहिली काटछाट तिथेच होते. प्रवेशाच्या दिवशीच पासाचा हिशेब पालकांसमोर मांडावा. वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला असलेली, गाडी सव्वाआठला पोहोचत असेल, तर साडेसातच्या तासाला मुख्य विषय ठेवू नये. फेरी हवी असेल तर थांब्यानुसार विद्यार्थ्यांची यादी कॉलेजच्या पत्रासोबत जूनमध्येच आगार व्यवस्थापकांकडे द्यावी. नुसत्या तोंडी विनंतीने गाडी सुरू होत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, द्यावा, असं माझं ठाम मत आहे. फॉर्म भरण्याआधी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते पाहायचं. खाती दोन असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. ते पूर्वी कधीतरी उघडलेलं, बंद पडलेलं खातं निघतं आणि रक्कम अडकते. उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला असतो. मोबाईल नंबर बदललेला असल्याने ओटीपी येत नाही. त्रुटी काढून परत आलेला अर्ज तर मुलाच्या लॉगिनमध्ये तसाच पडून राहतो, कारण एकदा भरल्यावर तो कुणी उघडतच नाही. दर आठवड्याला कॉलेजच्या लॉगिनमधून परत गेलेल्या अर्जांची यादी काढून मुलांना वर्गातून बोलवावं लागतं. एस.वाय.ला नूतनीकरण पुन्हा करायचं असतं, हेही सांगावं लागतं. पैसे उशिरा येतात, म्हणून फी हप्त्यांनी घ्यायची लेखी सोय हवी. तोंडी सोय लाजऱ्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

निकालानंतर दुसरी गळती होते. एटीकेटीच्या, म्हणजे पुढच्या वर्षाला गेल्यावरही नापास राहिलेल्या, विषयाचा फॉर्म वेगळा भरायचा असतो हे अनेकांना माहीत नसतं. मुदत गेली की विषय मागे राहतो, आणि टी.वाय.पर्यंत तो ढीग झालेला असतो. निकालाच्या आठवड्यातच प्रत्येकाची राहिलेल्या विषयांची चिठ्ठी करावी. लेखी राहिली की अंतर्गत परीक्षा, हे वेगळं लिहावं. जादा तास एका वेळी एकाच विषयाचा घ्यावा आणि त्यात जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. तोच धडा पुन्हा शिकवला तर मुलं येत नाहीत.

काहीजण तरीही जाणारच. त्यांची वाट बंद होऊ देऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाची किमान 40 श्रेयांक (क्रेडिट) आणि वर 4 श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप झाली की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांत परत यायची आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची मुभा आहे. पालकांना यातलं ‘प्रमाणपत्र’ तेवढं ऐकू येतं, म्हणून परतीच्या मुदतीची तारीख कागदावर लिहून द्यावी. जाण्याआधी एबीसी खात्यात, म्हणजे श्रेयांक साठवायच्या ऑनलाइन खात्यात, ते जमा दिसतात का आणि आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळतं का, हे मुलासमोर बसून पाहावं.

मुंबईला जाणाऱ्यासाठी आणखी एक सोपा रस्ता आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड मुंबई विद्यापीठातच येतात, त्यामुळे मुंबईतल्या रात्र महाविद्यालयात बदली मागता येते. विषयांची जोडी आणि रिकामी जागा आधी फोनवर विचारून घ्यावी, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती हातात द्याव्यात आणि अर्ज प्रवेशाची मुदत संपण्याआधी करायला लावावा.