चार खाड्या आणि आमसुलांची पिशवी

लालबागहून भाऊचा धक्का सायकलने जवळच. सकाळच्या रो-रोत, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीत, सायकल ढकलत न्यायची, तिचं वेगळं तिकीट काढायचं, आणि तासाभराने मांडव्याला उतरायचं. रत्नागिरीपर्यंत जाणार असाल तर सुरुवात इथूनच करा. पनवेलवरून महामार्ग धरलात तर दिवसभर ट्रकच्या शेजारून चालवावं लागतं.

जानेवारीत मी एकटीने हा पल्ला पाच दिवसांत केला. मुरूड, हरिहरेश्वर, आंजर्ले, तवसाळ असे मुक्काम केले आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी रत्नागिरीला पोचले. वाटेत चार खाड्या बोटीने ओलांडल्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गाड्या नेणाऱ्या या बोटींना सगळे ‘जंगल जेटी’ म्हणतात. तिकिटाला सुट्टे पैसे ठेवा. शेवटची फेरी किती वाजता, हे आधीच्या गावातच विचारून घ्या. मी ते विचारलं नव्हतं.

अंतरापेक्षा चढ जास्त दमवतात. खाडीपाशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, चढायचं, हे रोज घडतं. सड्यावर जांभा तापलेला असतो, सावलीला झाड नसतं. तीन लिटर पाणी हवंच, गिअर हलके हवेत. गावोगावी पंक्चरवाले भेटतात, पण ते मोटरसायकलचे. तुमच्या सायकलच्या ट्यूबला प्रेस्टा वॉल्व (हवा भरायची बारीक, लांब नळी) असेल तर त्यांच्या पंपाला जोडायचं पितळी अडॅप्टर आणि दोन जादा ट्यूब मुंबईतूनच न्या.

पहिल्याच संध्याकाळी, मुरूड दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना, शेतातून हाक आली. पोपटी लावली होती. भांबुर्डा नावाच्या रानवनस्पतीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून मडकं उपडं ठेवलं होतं, भोवती जाळ. एका काकांनी मडक्यावर पाण्याचे थेंब टाकले. ते चर्र करून उडाले तसे म्हणाले, “झाली.” केळीच्या पानावर वाफाळता ढीग पुढ्यात आल्यावर मग माझं नाव विचारलं. पुढचा रस्ता अंधारात कापावा लागणार, म्हणून त्यांच्यातला एक मुलगा मोटरसायकल घेऊन मुरूडच्या वेशीपर्यंत मागून उजेड दाखवत आला. दिवा चांगला घ्या, तरी रात्री चालवू नका.

चौथ्या दिवशी मी हिशेब चुकले. आंजर्ल्याहून दापोली, दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठणं म्हणजे शंभरेक किलोमीटर. तुम्ही गुहागरला थांबा. मी तवसाळच्या धक्क्यावर पोचले तेव्हा बोट पलीकडे जाऊन थांबली होती. टपरीवाल्या काकू टपरी बंद करत होत्या. त्यांनी काही न विचारता सायकलचं हँडल धरलं आणि मला वरच्या वाडीत आपल्या सासूकडे नेलं.

“एकटीच आलीस? घरी कळवलंस का?” आजींचा पहिला प्रश्न. फोन लावून आईशी बोलणं करून दिलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मी पडवीत झोपते म्हटलं तर ऐकेनात, माजघरात स्वतःच्या शेजारी अंथरूण घातलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वर सोलकढी. या किनाऱ्यावर मुंबईत कोणी नाही असं घर मला लागलं नाही. लालबाग म्हटल्यावर आजी सरसावून बसल्या. त्यांचा थोरला वरळीला, नातू इंजिनिअरिंगला, सून कामावर जाते. गणपतीला येतात, शिमग्याला जमेल तसे. रात्री उशिरापर्यंत त्याच बोलत होत्या. मीही झोप आवरून ऐकलं, कारण त्या घरात माझ्याकडून एवढंच होण्यासारखं होतं.

सकाळी मऊभात, मेतकूट, तूप. मी पाकीट काढलं. “पैसे कसले गो?” म्हणत त्यांनी माझा हात बाजूला सारला. मग आत जाऊन आमसुलांची पिशवी आणली. “वरळीला देशील?”

तेव्हापासून मी सांगते, पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांत, थोडी जागा रिकामी ठेवा. पैसे पुढे करू नका, वाईट वाटतं. निरोप न्या, सामान न्या, पोचल्यावर फोन करा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती खाऊ दिलेला चालतो.

जयगडनंतरचा दिवस सोपा आहे. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर पाहा, गणपतीपुळ्याला जेवा, आरे-वारेचा चढ उन्हं कलल्यावर घ्या. परतीसाठी रत्नागिरी स्टेशनच्या पार्सल कार्यालयात आदल्या दिवशीच चौकशी करा. सायकल ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, येते, ओळखपत्राची प्रत लागते.

दादरला उतरले त्याच संध्याकाळी वरळीला गेले. आजींच्या मुलाने दार उघडलं, पिशवी नाकाशी नेली आणि दारातच उभं राहून आईला फोन लावला.