सिमेंटच्या शेजारची मंडई

गुरुवार, मे अखेर. व्हँकुव्हर, कॅनडा.

सकाळी पावणेनऊ. ग्रॅनव्हिल आयलंडला यायची वेळ हीच. मंडई नऊला उघडते, संध्याकाळी सहाला मिटते. अकरा वाजेपर्यंत तिथे मासळी आणि भाजी घेणारे दिसतात, त्यानंतर फोटो काढणारे. दोघांचं भांडण नाही, पण कोळंबी निवडायची असेल तर पहिल्यांच्या रांगेत असलेलं बरं.

यायचे रस्ते तीन. डाउनटाउनमधून ५० नंबरची बस घ्यावी, ती दारापाशी सोडते. ग्रॅनव्हिल स्ट्रीटवरून जाते म्हणून १० नंबर पकडणारे पुलावरून थेट पलीकडे पोचतात. बेट पुलाच्या बरोबर खाली दिसत राहतं आणि उतरायला जागा नसते. दुसरा रस्ता पाण्याचा. फॉल्स क्रीक या खाडीत बाराएक माणसांच्या छोट्या फेरीबोटी चालतात, पण कंपन्या दोन आहेत : ॲक्वाबस आणि फॉल्स क्रीक फेरीज. दोघांचे धक्के वेगळे, तिकिटंही वेगळी. एकीचं परतीचं तिकीट दुसरीत चालत नाही आणि बसचं कंपास कार्ड दोन्हीकडे निरुपयोगी. परतीचं काढण्याआधी परतताना कोणत्या धक्क्यावर उतरायचंय ते ठरवून टाकावं. तिसरा रस्ता चालण्याचा. ऑलिंपिक व्हिलेजकडून सीवॉलने, म्हणजे पाण्याकाठच्या पायवाटेने, अर्धा तास, सगळा सपाट, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. गाडी आणायचीच असेल तर नऊच्या आत. नंतर पार्किंग शोधत त्याच त्या एकेरी रस्त्यांवर घिरट्या घालाव्या लागतात.

खरं तर हे बेट नव्हेच. इथे आधी भरती-ओहोटीची वाळू होती. इथले मूळ रहिवासी स्क्वामिश आणि मस्क्विअम लोक तिथे मासे धरत. १९१५ साली बंदर खात्याने भराव घालायचं ठरवलं. खाडीचाच गाळ उपसला, जवळजवळ ७ लाख ६० हजार घनमीटर, आणि सुमारे ३५ एकरांचा तुकडा कारखान्यांसाठी उभा केला. नाव ठेवलं ‘इंडस्ट्रियल आयलंड’. दक्षिणेकडची फट पुढे पन्नाशीच्या दशकात बरीचशी बुजवली, नाव मात्र बेटच राहिलं. पहिला भाडेकरू बी. सी. इक्विपमेंट. त्याच्या पत्र्याच्या यंत्रशाळेचा सांगाडा आजच्या मंडईच्या पोटात आहे. आत शिरल्यावर आधी वर बघावं. गाळ्यांच्या माथ्यावरचे दणकट लाकडी वासे भाजीसाठी घातलेले नाहीत, हे लगेच कळतं.

नऊ वाजून दहा. मासळीवाल्यांकडे स्पॉट प्रॉन आलेली आहे. हंगाम मेच्या मध्याला सुरू होतो आणि थोडेच आठवडे टिकतो. ओळखायची खूण सोपी : शेपटीच्या पहिल्या आणि पाचव्या खंडावर पांढरे ठिपके. ही कोळंबी आधी नर असते, पुढे मादी होते. टाकीत जी पाय हलवते तीच घ्यावी. तळाशी आडवी पडलेली स्वस्त दिली तरी नको, कारण पुढे येतंच.

भाव वाचायला शिकावं लागतं. मासळी आणि फळांवर पाउंडाचा भाव ठसठशीत असतो, किलोचा त्याखाली बारीक. शिजवलेल्या आणि धुरावलेल्या पदार्थांच्या गाळ्यावर मात्र भाव शंभर ग्रॅमचा. आकडा लहान दिसतो म्हणून हात सैल सुटतो. त्याला साडेचाराने गुणलं की पाउंडाचा भाव निघतो आणि हात आखडतो. धुरावलेला साल्मन घेताना एवढंच विचारावं : पाकिटात बंद करून शिजवलेलं की थंड धुरीचं? पहिलं फ्रिजबाहेर प्रवास करतं. दुसऱ्याला पिशवीत बर्फ हवाच, मग ते कितीही खारवलेलं असो.

कराची एक गंमत. कच्ची मासळी, भाजी, फळं यांवर जीएसटी नाही. गरम, खायला तयार पदार्थावर पाच टक्के. बेकरीतली गोड वस्तू सहापेक्षा कमी घेतली तर कर लागतो, सहा घेतल्या की नाही. डोनट पाच घेणारा माणूस हिशेबात कच्चा समजावा. रोख देणाऱ्याचं बिल पाच सेंटांना गोल होतं, कारण एक सेंटचं नाणं २०१३ पासून वाटलं जात नाही.

बाहेरच्या चौकात पाण्याकाठी बसून खायचं असेल तर पाठ भिंतीला हवी. सीगल मागून येतो, समोरून नाही. कागदी पिशवी उघडताना नव्हे, पहिला घास तोंडाकडे नेताना झडप घालतो. छत्रीखालचं टेबल मिळालं तर उत्तम.

साडेदहा. मंडईतून निघून जॉन्स्टन स्ट्रीटने पूर्वेकडे. रस्त्यात कुठे कुठे जुने रूळ दिसतात, फुटपाथ मात्र नाहीत. ही चूक नाही. सत्तरीच्या दशकात केंद्र सरकारने बेट आपल्या गृहनिर्माण संस्थेकडे, सीएमएचसीकडे, दिलं. नॉर्मन हॉटसन आणि योस्ट बाकर या वास्तुरचनाकारांनी पत्र्याच्या शेडी पाडल्या नाहीत आणि रस्त्याला कडाही घातल्या नाहीत. ट्रक, सायकल, बाबागाडी सगळे एकाच पातळीवर. हद्द कुणाचीच नाही, म्हणून गाडीवाला माणसाच्या चालीने चालवतो. मंडई १२ जुलै १९७९ ला उघडली. तेव्हापासून ही युक्ती चालते आहे, फक्त सुट्टीच्या दिवशी दुपारी तिचाही दम निघतो.

आणि मग सिमेंट-काँक्रीटचा कारखाना. ओशन काँक्रीट, बेटावरच्या सगळ्यात जुन्या भाडेकरूंपैकी. वाळू-खडी बार्जने पाण्यातून येते, मिक्सर रस्त्याने बाहेर पडतात. साओ पाउलोचे जुळे भाऊ ओसजेमिओस यांनी २०१४ मध्ये कारखान्याचे सहा सायलो, म्हणजे साठवणीच्या उभ्या टाक्या, रंगवले, प्रत्येक सुमारे सत्तर फूट उंच. नाव ‘जायंट्स’. पिवळ्या कातडीचे, बारीक पायांचे राक्षस सायलोला गोल वेढून आहेत, म्हणजे एका जागेवरून ते कधीच पुरे दिसत नाहीत. रस्त्यावरून निम्मे, उरलेले फेरीबोटीतून. लोक चित्र बघतात, मला त्याखालची खडी सरकवणारी पट्टी जास्त आवडते. ती थांबली तर इथला सगळा कलाप्रदेश सजावट होऊन बसेल, असं वाटतं. एमिली कार कला विद्यापीठ २०१७ मध्ये बेट सोडून गेलं, तेव्हापासून रंगाने माखलेले हात रस्त्यावर कमी झालेत. ती उणीव कॉफीच्या दुकानांनी भरत नाही.

साडेअकरा. रेलस्पर ॲली, कारागिरांची गल्ली. इथे काम चालू असेल तरच थांबण्यात अर्थ. दार उघडं आणि कारागीर मान खाली घालून, हे चांगलं लक्षण. बेटावर हाताने झाडू बांधणारेही आहेत. त्यांचं गवत म्हणजे ब्रूमकॉर्न, आपल्या ज्वारीचंच भावंड, फक्त कणसाऐवजी लांब तुरे धरणारं. तुरे आधी पाण्यात भिजवतात, नाहीतर तार आवळताना काडी मोडते. काठीभोवती थर चढवत तार ताणून गुंडाळतात, मग चपटं दाबून दोऱ्याने आडव्या शिवणी घालतात. घेताना शिवणींच्या खालचे तुरे बोटांनी फाकवून बघावेत. मधेच पोकळी लागली तर तो झाडू वर्षभरात तिथूनच विरळ होतो. घरी उभा ठेवू नये, टांगावा. उभा ठेवला की टोकं वाकतात आणि वाकलेलीच राहतात.

पाऊण. मासळी सगळ्यात शेवटी घ्यायची हा नियम, पण मंडईतली जिवंत कोळंबी दुपारपर्यंत संपलेली असू शकते. अशा वेळी सीवॉलने पश्चिमेला फिशरमन्स व्हार्फ, म्हणजे मच्छीमारांचा धक्का, गाठावा, दहा मिनिटांचा रस्ता. तिथे होडीवरूनच विक्री होते. खिशात रोख आणि हातात बर्फाची पिशवी हवी.

कोळंबी मेली की डोक्यातला पाचकरस मांसात उतरतो आणि शेपूट भुसभुशीत होते. टाकीतली आडवी नको म्हटलं ते यासाठी. ताबडतोब शिजवणार नसाल तर धक्क्यावरच एका हातात शेपूट, दुसऱ्यात डोकं धरून पिळायचं. डोकं सहज सुटतं. डोकी वेगळ्या पिशवीत, सूपासाठी. शेपट्या बर्फावर, पण वितळलेल्या पाण्यात बुडू न देता. घरी उकळत्या खारट पाण्यात दीड मिनिट, लगेच निथळायच्या.