फुगीर अक्षरातली फट

दादरमधल्या एका खेळण्यांच्या दुकानाची पाटी लालबागच्या वर्कशॉपमध्ये अडकली ती 'ळ'पाशी. मजकूर एवढाच: 'खेळणी आणि पुस्तकं'. अक्षरं खास दुकानासाठी काढून घेतलेली, गोल आणि गुबगुबीत. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना ही जातकुळी लगेच कळेल. जाडी इतकी वाढवलेली, की अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेच्या नुसत्या फटी उरतात. कागदावर हे फार गोड दिसतं.

पाटीवर अक्षराची उंची ३०० मिलिमीटर होती. शिरोरेषेपासून तळापर्यंत, मात्रा-उकार सोडून. राऊटरवाल्याने, म्हणजे फिरत्या बिटने (कापणाऱ्या पात्याने) शीट कापून देणाऱ्याने, फाइल उघडली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "सर, बिट ३ एमएमचा, फट २ची. जाणार कशी?"

लेझरने जाते. म्हणून ३ मिलिमीटर दुधी ॲक्रिलिकचा एकच 'ळ' नमुन्यादाखल लेझरवर कापून घेतला, मागे ॲल्युमिनियमची पेटी आणि आत १२ व्होल्टची एलईडी मॉड्यूल्स. दिवसा अक्षर उत्तम वाचता येत होतं. अंधार पडल्यावर दिवे लावले आणि 'ळ'ची दोन्ही पोटं गायब! राहिले दोन चकचकीत गोळे. कारण साधं आहे. आतून उजळणाऱ्या अक्षराला आरपार फट पाडली की प्रकाश तिथूनच आधी बाहेर पडतो. जी जागा काळी राहायला हवी, तीच सगळ्यात उजळ होते. कागदावर फट आयती मिळते, कारण ती कागदाचीच असते. पेटीतल्या अक्षरात ती वेगळी तयार करावी लागते.

एक उपाय म्हणजे फटीच्या दोन्ही कडांना आतून पत्र्याच्या भिंती. पण २ मिलिमीटरमध्ये दोन भिंती मावत नाहीत, आणि इतक्या बारीक वळणावर पत्रा वळतही नाही. म्हणून ॲक्रिलिक अखंड ठेवायचं आणि फट वरून अपारदर्शक काळ्या व्हिनाइलची चिकटवायची असं ठरलं. इथे दुकानदार हमखास फसतात. साधं रंगीत व्हिनाइल दिवसा काळं दिसतं, पण मागून दिवा लागला की तपकिरी होतं. पट्टी लावण्याआधी ती मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघावी.

मग जाडी किती? ६/६, म्हणजे सामान्य निरोगी दृष्टीच्या हिशेबाने १० मीटरवरून वाचायच्या अक्षराचा बारकावा सुमारे ३ मिलिमीटरचा लागतो. समोरचा फूटपाथ १५ मीटरवर, म्हणजे साडेचार. शिवाय उजेड दोन्ही बाजूंनी काळ्या पट्टीवर सांडतो आणि ती बारीक भासते, म्हणून दुप्पट धरून ९ मिलिमीटर.

सगळ्या फटी सरसकट रुंद केल्या तर मात्र अक्षराचा फुगीरपणाच जातो. सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट मारला, म्हणजे सगळ्या कडा सारख्याच अंतराने सरकवल्या, की बाहेरची कडाही आत सरकते आणि अक्षर आजारी दिसतं. बाहेरची रेषा तशीच ठेवून फक्त आतले बिंदू हलवले. 'ळ'च्या बंद पोटांना पूर्ण ९, 'ख' आणि 'ण'च्या उघड्या फटींना ७ पुरले. 'स्त'मध्ये अर्धा 'स' आणि 'त' जिथे भिडतात तिथे सर्वात जास्त जागा द्यावी लागली. ती गेली तर उरतो ढेकूळ. फटीची टोकंही टोकदार न ठेवता गोल केली, कारण निमुळतं टोक दुरून आधी मिटतं.

फाइलच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) निवडला नाही, तर 'णि'ची वेलांटी उजवीकडे जाते आणि 'स्त' फुटतो. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांमध्ये, बदलल्यावर मात्रा आणि शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्याच राहतात. त्या वेल्ड करून एकसंध केल्या नाहीत तर मशीन प्रत्येक चढलेली कड वेगळी कापतं. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, त्यामुळे तो ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये बसतो का हे आधी बघावं. 'पुस्तकं'चा अनुस्वार मात्र सुटा, त्याला स्वतःची वायर आणि स्वतःचे स्क्रू.

मुंबईचा पाऊस फुगीर अक्षरांवर जरा जास्तच मेहेरबान. उकाराचं पोट हा पेटीतला सर्वात खालचा भाग, पाणी तिथेच साचतं. तिथे ६ मिलिमीटरचं भोक ठेवलं आणि वीजपुरवठ्याचा डबा छपराखाली घेतला.

पाटीवर इंग्रजी ओळही होती. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मात्रा-उकार धरून उंची मोजली तर कागदोपत्री जुळेल, पण मराठी चिमुकली दिसेल. आम्ही शिरोरेषा ते तळ हे अंतर इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकं धरतो.

दुकानदाराला हाच फॉन्ट किमतीच्या लेबलांवरही हवा होता. ५ मिलिमीटरच्या अक्षरात ९ मिलिमीटरची फट त्याच प्रमाणात ०.१५ होते, आणि स्वस्त थर्मल प्रिंटरचा एक ठिपकाच ०.१२५चा. तिथे नकार दिला. लेबलांना 'बालू २' या फॉन्टचा मधल्या जाडीचा प्रकार घेतला. गोलाई तीच राहते आणि 'ळ' वाचता येतो. कापडी पिशव्यांसाठी, स्क्रीन प्रिंटची शाई पसरते म्हणून, फटी आणखी उघडलेली तिसरी फाइल वेगळी केली.